तीन पाण्यांतून

"ती नळी एकदा माझ्या हातात द्या, सिस्टर. पायात घालणार म्हणताय, तर कापड कसलंय ते तरी बघू."

नरसय्यामामा खाटेवर उशीला टेकून बसले होते. उजवा पाय गुडघ्याच्या वरच संपलेला, चादर त्याच्याभोवती नीट दुमडून खोचलेली. डावा पाय उघडा होता. त्याची बोटं जांभळी पडली होती आणि अंगठ्याच्या टोकाला काळा ठिपका दिसायला लागला होता.

ऑपरेशनच्या आधी पेशंटला वॉर्डात जाऊन भेटायची माझी सवय. टेबलावर झोपल्यावर तोंडावर मास्क बांधलेली अनोळखी बाई दिसण्यापेक्षा आधी एकदा चेहरा बघितलेला बरा. त्या मंगळवारी सकाळी मी त्याचसाठी गेले होते, आणि गेल्या गेल्या मामांनी ही मागणी केली. पेशंट सहसा विचारतात, दुखेल का, किती वेळ लागेल, जेवायला कधी मिळेल. कापड बघायला मागणारा हा पहिलाच.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालच्या नोव्हेंबरातली. नगरच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी ऑपरेशन थिएटरची इन्चार्ज सिस्टर होते. नाव रत्नप्रभा भिंगारदिवे, पण पाठीमागे सगळे मला तीनपाणी सिस्टर म्हणायचे आणि ते मला माहीत होतं. थिएटरमध्ये काही हत्यारं उकळता येत नाहीत, ती जंतू मारणाऱ्या औषधात बुडवून ठेवतात. ते औषध मोठं जहाल. मी शिकाऊ असताना एका बाईच्या घशात अशी नीट न धुतलेली नळी गेली आणि घसा सोलून निघाला. आमच्या मेट्रनबाईंनी त्या दिवशी आम्हा सगळ्या पोरींना रांगेत उभं करून सांगितलं, औषधातून काढलेली कुठलीही वस्तू तीन पाण्यांतून काढल्याशिवाय पेशंटला लागता कामा नये. ते मी असं धरलं की घरी चहाचे कपसुद्धा तीनदा विसळायची. नवरा म्हणायचा, अगं, कपाचं ऑपरेशन नाही करायचं.

मामा आम्हाला नवे नव्हते. तोफखान्यातल्या पद्मशाली वस्तीत त्यांचं घर, मागाला लागणारं सूत रंगवायचा धंदा. चाळीस वर्षं रंगाच्या भांड्यापाशी उभे राहिले आणि चाळीस वर्षं बिड्या ओढल्या. बिडीनं पायाच्या रक्तवाहिन्या बुजवल्या. जूनमध्ये आमच्या डॉ. गुंदेचांनी त्यांच्या उजव्या पायात बुजलेल्या वाहिनीच्या बाजूनं कापडाची नळी बसवली, म्हणजे रक्ताला नवी वाट करून दिली. स्वतःची शीर काढून लावता आली असती तर उत्तम, पण मामांच्या शिरा गाठीगाठीच्या, कामाच्या नव्हत्या. आठ दिवस पाय छान गरम होता. नवव्या दिवशी जखमेतून पू आला. कापडात एकदा जंतू शिरले की बाहेरून कितीही औषध द्या, ते तिथून हलत नाहीत. नळी काढावी लागली, आणि नळीबरोबर पाय गेला.

डॉ. निरंजन गुंदेचा नगरचेच, चेन्नईला शिकून आलेले. ते यायच्या आधी अशा पेशंटचा पाय आमच्याकडे सरळ कापायचे. दोन वर्षांत त्यांनी दहा जणांना नळ्या बसवल्या. पहिल्या सातांतल्या तिघांच्या पिकल्या. तेव्हा त्यांनी कुठल्याशा जर्नलमध्ये वाचलं, की क्षयावर देतात ते लाल औषध पाण्यात कालवून नळी त्यात वीस मिनिटं भिजवायची. नळीला सरसासारखा लेप असतो, तो लेप औषध धरून ठेवतो आणि पहिले काही दिवस जंतूंना जवळ येऊ देत नाही. औषध पुण्याहून मागवलं. पुढच्या तीन नळ्या भिजवून बसवल्या. त्या तिघांतल्याही दोघांच्या पिकल्या. त्या दोघांतले एक नरसय्यामामा.

आता डावा पाय त्याच वाटेनं निघाला होता. हातात चारपाच दिवस होते. गुरुवारच्या यादीत मामांच्या नावापुढं डॉक्टरांनी नळी असं लिहून पुढं प्रश्नचिन्ह टाकलेलं. बुधवारी चार वाजता अधीक्षक डॉ. रणसिंग ठरवणार होते, आणि त्यांचं मत सगळ्यांना ठाऊक होतं: पुरे झाल्या नळ्या, सरळ पाय काढा. मामांनाही ते कुणीतरी सांगितलं होतं.

"एका पायावर काखेत कुबडी घेऊन मी भांड्यापाशी उभा राहतो," ते मला म्हणाले. "चार महिने तसंच काम केलं. हा बी गेला तर मला भांड्यातच टाका आणि वर झाकण ठेवा."

त्यांची मुलगी पद्मा डब्यातला भात कालवत होती. ती म्हणाली, "नाना, असं बोलू नका." पण तिचा आवाज चढला नाही. हे ती बरेच दिवस ऐकत असावी.

मी थिएटरमध्ये जाऊन कपाटातला एक तुकडा घेऊन आले. नळी लांबीला मोठीच येते, लागेल तेवढी कापतात, उरलेलं टोक मी पाकिटात घालून ठेवायची. हा तुकडा मामांच्याच जूनच्या ऑपरेशनचा होता. ते मी सांगितलं नाही.

मामांनी तो बोटांत धरला, उजेडाकडे केला, ताणला, नखानं खरवडला. हॉस्पिटलात आल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर जरा तेज आलं. "पॉलिस्टर," ते म्हणाले. "साखळीची वीण. बनवणारा हुशार आहे." मग त्यांनी तुकडा नाकापाशी नेला. "याला रंग दिला होता का?"

मी म्हटलं, रंग नाही, औषध. लालभडक असतं. त्यात आम्ही वीस मिनिटं बुडवतो.

"आणि मग हे असं फिकं कसं? कावेच्या पाण्यात नुसता पदर बुडाल्यासारखं दिसतंय."

मी अभिमानानं सांगितलं. होय, अभिमानानंच. म्हटलं, मामा, औषधातून काढलं की मी स्वतः तीन पाण्यांतून काढते. तीन वाट्या मांडते सलाइनच्या. पहिली लाल होते, दुसरी गुलाबी होते, तिसरं पाणी नितळ राहिलं की मगच डॉक्टरांच्या हातात देते. माझ्या हातून घाण जायची नाही.

त्यांनी मग तुकडा माझ्या हातात परत ठेवला.

"मला औषधातलं कळत नाय, सिस्टर. रंगातलं कळतं. पाणी लाल झालं म्हणजे रंग पाण्यात गेला. सुताला काय राहिलं?"

मी म्हटलं, हे सूत नाही आणि तो रंग नाही.

"नसंल. पण आमच्याकडं ताजा रंग धुणाऱ्याला भांड्यापाशी उभं करत नाहीत. आधी सुतानं रंग प्यायला पाहिजे, मग तो बसला पाहिजे, मग धुवायचं. आणि बसणाराच नसंल तर धुवायचं कशापायी? पाण्याला रंगवायला?"

मला राग आला. पंचवीस वर्षं थिएटरमध्ये काढलेली मी, आणि हे मला धुणं शिकवणार. मी काहीतरी तुटक बोलले, बिडी ओढायच्या आधी हे शहाणपण कुठं गेलं होतं, असलं काही, आणि तरातरा निघाले. जिन्यापर्यंत राग होता. थिएटरच्या दारापाशी आले तेव्हा तो कुठच्या कुठे गेला होता. मी हात धुवायच्या नळापाशी उभी राहिले. तोंडचं पाणी पळालं म्हणतात ते काय, हे मला त्या दिवशी कळलं.

तीन वाट्या. पहिली लाल, दुसरी गुलाबी. डॉक्टर एवढ्या खटपटीनं जे औषध त्या कापडात भरत होते, ते मी दर वेळी काढून टाकत होते, आणि वर तिसरी वाटी नितळ झाली म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेत होते. तीन ऑपरेशनं. दोन पाय. त्यांतल्या एका पायाच्या मालकाला मी आत्ताच बिडीवरून टोमणा मारून आले होते. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही वाटली नाही.

आमची प्रयोगशाळा तळमजल्यावर होती. तिथल्या डॉ. शकीला तांबोळी माझी मैत्रीण, दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो. जखमेतला पू तपासायला जायचा तो त्यांच्याकडेच. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातली काचपट्टी खाली ठेवली.

"रत्ना, धुवायला तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"धुऊ नको म्हणून कुणी सांगितलं होतं?"

"तेही नाही."

त्या मग म्हणाल्या, आधी खरं आहे का ते तरी बघू, रडायचं ते उद्या रड. मामांच्या उजव्या पायातून काढलेले जंतू त्यांनी फ्रिजमध्ये जपून ठेवले होते. काचेच्या तीन बशा घेतल्या. त्यांत जंतू वाढतात तो खळीसारखा थर असतो, त्यावर त्यांनी तेच जंतू सारवले. कपाटात न वापरलेल्या पांढऱ्या नळीचं एक टोक होतं, त्याचे मी तीन तुकडे केले. एक तसाच कोरा. दुसरा औषधात वीस मिनिटं भिजवून सरळ बशीत. तिसरा भिजवून, माझ्या पद्धतीनं, तीन पाण्यांतून. तो तिसरा धुताना माझे हात इतके सराईत चालत होते की मला माझ्याच हातांची चीड आली.

बशा उबेत ठेवल्या. रात्रभर जंतू वाढायचे होते, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

बुधवारी दोन वाजता शकीलाबाईंनी बशा टेबलावर मांडल्या आणि झाकणं काढली. कोऱ्या तुकड्याला जंतू चहूबाजूंनी चिकटलेले, दुधावर साय यावी तसे. भिजवून न धुतलेल्या तुकड्याभोवती एक स्वच्छ गोल, त्यात लहानशी पुरी मावली असती. त्या गोलात एकही जंतू नव्हता. आणि माझ्या धुतलेल्या तुकड्याभोवती नखाएवढी कड, तीही एका बाजूनं तुटलेली.

मी खुर्चीत बसले. शकीलाबाईंनी मला पाणी दिलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "चारला मी वर जाते. प्रयोगशाळेत असं दिसून आलं, धुऊ नये, एवढंच सांगते. कोण धुत होतं ते कुणी विचारणार नाही. सगळ्यांना वाटेल थिएटरची पद्धतच तशी होती."

खोटं कशाला बोलू, मला ते हवंहवंसं वाटलं. माझी पंचवीस वर्षांची नोकरी, माझा थिएटरमधला दरारा, त्या पोरींसमोरचं माझं नाक. पण मला रणसिंग सर माहीत होते. कोण, केव्हा, किती वेळा, हे विचारल्याशिवाय ते कशावरच विश्वास ठेवायचे नाहीत, आणि माझं नाव झाकून शकीलाबाईंना ते सांगता आलं नसतं. नळ्या मुळात बऱ्या, त्या हातानं बिघडल्या, हे पटवायचं तर तो हात दाखवायलाच लागणार होता. मी बशांवर टॉवेल टाकला आणि म्हटलं, दोघी जाऊ.

वर अधीक्षकांच्या खोलीत डॉ. गुंदेचा आधीच हरून बसले होते. यादीतलं प्रश्नचिन्ह खोडलं होतं आणि पुढं पाय काढणे असं लिहिलं होतं, त्यांच्याच अक्षरात. मी टॉवेल काढला. कुठली बशी कसली ते सांगितलं. मग सांगितलं की जूनमध्ये आणि त्याआधीच्या दोन्ही वेळांना औषधातली नळी मी धुतली.

"किती?" गुंदेचा सरांनी विचारलं.

"तीनदा, सर. पाणी नितळ होईपर्यंत."

 मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी ओरडायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "तेव्हा मी तुमच्यापासून चार हातांवर हात घासत उभा असायचो. तुमच्याकडे पाठ करून. नळी भिजवा म्हटलं, आणि पुढं काय होतं ते एकदाही वळून बघितलं नाही."

रणसिंग सर हाडांचे डॉक्टर. माणूस रुक्ष, पण सरळ. त्यांनी चष्मा चढवून तिन्ही बशा उजेडात धरून बघितल्या. मग मला विचारलं, तुमच्याकडून लेखी खुलासा का मागू नये?

"मागा, सर. पण शुक्रवारी मागा. गुरुवारी मला थिएटरमध्ये राहू द्या."

त्यांनी खुलाशाचा विषय तिथंच सोडला. शकीलाबाईंना विचारलं, सलाइननं धुऊन जातं ते रक्तानं जाणार नाही का? त्या म्हणाल्या, जाईल, पण हळूहळू, काही दिवसांनी. जखम उघडी असताना जे जंतू शिरतात ते पहिल्या काही दिवसांतच कापडात घर करतात. तेवढे दिवस मिळाले तरी पुष्कळ. त्या हेही म्हणाल्या की सगळा दोष धुण्याचाच असं काचेच्या बशीवरून छातीठोक सांगता येत नाही.

सर पुन्हा मधल्या बशीतल्या गोलाकडे बघत राहिले. "हातच्या काकणाला आरसा कशाला," ते म्हणाले. "करा उद्या. पण पेशंटला सगळं सांगून सही घ्या. सगळं म्हणजे सगळं."

गुंदेचा सर निघाले. मी म्हटलं, सर, मी सांगते.

वॉर्डात उन्हं खिडकीतून मामांच्या खाटेवर आली होती. मी स्टूल ओढून बसले. काय बोलायचं ते जिन्यात जुळवून ठेवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. मी म्हटलं, "मामा, काल तुम्ही बोललात ते खरं निघालं. तपासून बघितलं. तुमच्या उजव्या पायातल्या नळीचं औषध मी धुऊन टाकलं होतं. तो पाय बहुतेक माझ्या हातानं गेला." मग बशांचं सांगितलं, आणि उद्या न धुता बसवायचं ठरलंय तेही सांगितलं, आणि तरीही पिकणारच नाही असं कुणी लिहून देऊ शकत नाही, हेही.

पद्मा भिंतीला टेकून उभी होती. ती पदरात तोंड घालून रडायला लागली. मामा रडले नाहीत. ते माझ्या हातांकडे बघत होते.

"काल मी कापड मागितलं नसतं, तर?"

"तर उद्या पाय कापला असता."

त्यांनी पद्माकडे पेन मागितलं. फॉर्मवर तेलुगूत सही केली, सावकाश, पूर्ण नाव. फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि भिंतीकडे तोंड करून पडले. 

गुरुवारी सकाळी मी थिएटरमध्ये सगळ्यांत आधी गेले. टेबलावर सलाइनच्या वाट्या मांडणाऱ्या सिस्टरला सांगितलं, एकही नको. ती माझ्याकडे बघतच राहिली. तीनपाणी सिस्टरच्या तोंडून असलं काही निघेल हे तिला खरं वाटेना. मामांना पाठीत सुई देऊन कमरेखाली बधिर केलं होतं. ते जागे होते, छताकडे बघत. डॉक्टरांनी मांडीत आणि गुडघ्याखाली वाट मोकळी केली तेवढ्यात मी नळी औषधात बुडवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर लावली. वीस मिनिटं मी दुसरीकडे बघितलं नाही.

वीस मिनिटांनी चिमट्यानं नळी उचलली. कुंकू कालवल्यासारखी लाल, टपटप गळणारी. आणि माझा हात आपसूक डावीकडे गेला, जिथे पंचवीस वर्षं पहिली वाटी असायची. तिथे नुसतं हिरवं कापड होतं. मी अशी अर्ध्यात थांबलेली डॉ. गुंदेचांनी बघितली. त्या दिवशी ते माझ्याकडे तोंड करून उभे होते. त्यांनी हात पुढे केला आणि मी ती गळती नळी त्यांच्या हातात दिली. हिरव्या कापडावर लाल थेंब पडत गेले. एवढी घाण माझ्या टेबलावर कधी झाली नव्हती, आणि मला ती बघून हलकं वाटलं.

टाके घालायला दोन तास लागले. दोन्ही टोकं जोडून झाल्यावर डॉक्टरांनी चिमटे सोडले. नळी फुगली, उडायला लागली. आम्ही सगळे पायाकडे बघत होतो. काही वेळ काहीच नाही. मग अंगठ्याचा जांभळा रंग उतरायला लागला आणि त्याच्यामागून दुसरी बोटं. डॉक्टरांनी घोट्यापाशी दोन बोटं टेकवली, डोळे मिटले आणि नुसती मान हलवली. भुलीच्या डॉक्टरांनी मामांच्या कानाशी वाकून सांगितलं, रक्त पोचलं. मामा म्हणाले, "नववा दिवस येऊ द्या."

शुक्रवारी रणसिंग सरांनी खरंच खुलासा मागितला. मी दोन पानी लिहून दिला. तो माझ्या नोकरीच्या फायलीत निवृत्तीपर्यंत होता, आणि कुणी नवी सिस्टर आली की मी तिला ऑफिसात नेऊन तो वाचायला लावायची. पुढच्या तीन वर्षांत आमच्याकडे एकोणीस नळ्या बसल्या. पिकली फक्त एक. दुसऱ्या गावांहून डॉक्टर बघायला यायचे, आणि गुंदेचा सर प्रत्येकाला सांगायचे की नळी भिजवल्यावर काय करायचं नाही ते सिस्टरांना विचारा. पण ते सगळं नंतरचं. तेव्हा मी दिवस मोजत होते.

मामा माझ्याशी बोलत नव्हते. मी रोज वॉर्डात जायची, पायाला हात लावून बघायची, पाय गरम असायचा. मामा खिडकीकडे बघायचे. पद्मा मात्र मला बसायला स्टूल द्यायची. सातव्या दिवशी त्यांना जरा कसर आली, अंग तापलं, आणि मी घरी जाऊन न जेवता झोपले. देवाकडे मागताना मला काय मागायचं तेच सुचेना. आठव्या दिवशी ताप उतरला, सर्दीचा होता.

नववा दिवस शनिवार. सकाळी दहा वाजता पट्टी सोडायची होती. मी मुद्दाम थिएटरमध्येच थांबले. कपाटं पुसत बसले. सव्वादहाला वॉर्डातली आया धापा टाकत आली. म्हणाली, तुम्हाला बोलावलंय. तेरा नंबरचे मामा डॉक्टरांना पट्टीला हात लावू देईनात, म्हणतात त्या सिस्टरांनीच सोडायची.

मी गेले. गुंदेचा सर खाटेपाशी उभे होते, रणसिंग सरही होते. आजूबाजूचे पेशंट उठून बसले होते. मामांनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि पाय पुढे केला.

मी हात धुतले, मोजे चढवले, पट्टी उलगडायला लागले. जूनमध्ये शेवटचा घेर निघायच्या आधीच वास आला होता. मी श्वास रोखून धरला होता, मग लक्षात आलं की वास घ्यायचा तर श्वास घ्यावा लागेल. घेतला. कापसाचा आणि औषधाचा वास, बाकी काही नाही. शेवटची घडी काढली. मांडीपासून गुडघ्याखालपर्यंत टाक्यांची कोरडी रेघ. लाली नाही, सूज नाही. गुंदेचा सरांनी रेघेच्या दोन्ही बाजूंनी दाबत दाबत बघितलं. कुठूनही थेंब आला नाही. त्यांनी माझा हात धरून घोट्यापाशी टेकवला. खाली नाडी उडत होती, ठणठणीत. मग सर वळून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ चष्मा पुसत होते.

मी मामांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. दहा दिवसांनी पहिल्यांदा.

"तो पाय तुमच्या हातानं गेला," ते म्हणाले. "त्याची माफी माझ्याकडं नाय, सिस्टर. मागू नका. हा पाय तुमच्या हातानं राहिला. ते बी मी विसरणार नाय." मग त्यांनी दोन्ही हातांनी चादर बाजूला सारली. "आता उभं करा मला."

मी सरांकडे बघितलं. त्यांनी मान डोलावली. पद्मानं कुबडी पुढे केली. मामांनी ती बाजूला सारली आणि हात माझ्या खांद्यावर टाकला. मी कंबर कसून उभी राहिले. मामा अंगापिंडानं हडकुळे, पण त्यांनी सगळा भार माझ्यावर दिला, जराही हातचा न राखता. खांदा दुखायला लागला. मी हलले नाही. त्यांनी डावं पाऊल फरशीवर टेकवलं, बोटं पसरली, टाच दाबली. मग भार हळूहळू माझ्या खांद्यावरून उतरत गेला आणि त्यांच्या पायावर जात गेला. एका क्षणी माझ्या लक्षात आलं, की मामांचा हात माझ्या खांद्यावर नुसता ठेवलेला आहे.

"फरशी गार आहे," नरसय्यामामा म्हणाले.